भिंतीचं नववं वर्ष

लिफ्टमध्ये, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये कुठेतरी, तिचा फोन थरथरला आणि तिने तो काढून पाहिला, एवढंच झालं. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निरोप होता. नोंदणीचं काम बघणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं की तुमच्या वडिलांचं सगळं साहित्य नीट पोचलं, वह्यांच्या पानांचे फोटोही स्वच्छ आले आहेत, कायमचा क्रमांक द्यायला आता हरकत नाही. फक्त एक शंका आहे. नवव्या वर्षाच्या पानावरचं अक्षर इतर पानांसारखं वाटत नाही. त्या वर्षीची मोजणी दुसऱ्या कुणी केली होती का? केली असल्यास नाव कळवावं, म्हणजे त्या रकान्यात भरता येईल. खाली त्यांच्या प्रत्येक निरोपाखाली असायची तीच ओळ होती : क्रमांक एकदा दिला की मागे घेता येत नाही. लिफ्ट पाचव्यावर थांबली, माणसं उतरली, दार मिटलं, आणि ती आतच राहिली. सातव्यावर कुणीच चढलं नाही. परत खाली येताना आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसला. शेहेचाळीस वर्षांच्या बाईचाच होता तो, पण वर्गात अचानक नाव पुकारल्यावर उभं राहावं लागलेल्या मुलीने चोरून घेतल्यासारखा.

तिचं काम औषधांच्या खोक्यांत घडी घालून ठेवलेली पत्रकं तपासण्याचं. अर्ध्या गोळीच्या जागी दीड गोळी छापली जाऊ नये म्हणून ऑफिसात दोघी समोरासमोर बसत. एक मोठ्याने वाचे आणि दुसरी ओळीवर बोट ठेवून बघे. तेवीस वर्षं ती हे करत आली होती आणि तिच्या बोटाखालून चुकीचा आकडा कधी सुटला नव्हता, निदान सापडला तरी नव्हता. समोर बसणाऱ्या बाईंना सगळं ऑफिस 'स्वल्पविराम' म्हणायचं, कारण बोलताना त्या मध्येच थांबत आणि पुढचं विसरत. त्या दिवशी स्वल्पविराम वाचत होत्या : दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर, सात दिवसांपेक्षा अधिक नाही. तिचं बोट 'दोन'वरच राहिलं. स्वल्पविराम तीन ओळी पुढे गेल्या आणि मग आपण एकट्याच चाललो आहोत हे लक्षात येऊन थांबल्या. बरं नाही का, असं त्यांनी विचारलं. डोळे चुरचुरतात, असं तिने सांगितलं. रडून घे मग एकदाचं, वडील जाऊन पाच महिने झाले तरी तू अजून खडखडीत कोरडी, हे काही बरं लक्षण नाही, असं म्हणून त्यांनी आपला चष्म्याचा रुमाल पुढे केला. तिने तो घेतला आणि चष्मा नसताना हातात धरून बसली.

वह्यांचे फोटो तिनेच काढले होते. ओळीने तीन रविवार, बाबांच्या टेबलावर, खिडकीतला उजेड सरकेल तशी वही सरकवत. एकतीस वर्षांच्या एकतीस वह्या. नववी वही उघडली तेव्हा तिने ते पान पाहिलं नव्हतं असं नाही. आपल्या ओळखीचं कुणीतरी रस्त्याच्या पलीकडून येताना दिसावं आणि आपण दुकानाच्या काचेत बघत उभं राहावं, तसं तिने ते पाहिलं होतं. फोटो निघाला, पान उलटलं, दहावी वही आली. पण ग्रंथालयातल्या बाईंना असलं काही अवघड वाटण्याचं कारण नव्हतं. त्यांना फक्त दिसलं की बाबांचा इंग्रजी चार बंद डोक्याचा असतो आणि इथे तो उघडा आहे, बाबांच्या सातला कंबरपट्टा असतो आणि इथे नाही. अक्षर वेगळं आहे. नाव कळवावं.

बाबा विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते, प्राध्यापक नव्हते. काचपट्ट्या धुणं, सूक्ष्मदर्शकांची भिंगं पुसणं, मुलांनी फोडलेल्या परीक्षानळ्यांची यादी करणं. आणि ह्या सगळ्याच्या बाजूला, कुणी न सांगता, शहराच्या टेकडीवरच्या जुन्या पाण्याच्या टाकीची दगडी भिंत. त्या भिंतीवर दगडफुलं होती. दगडफूल म्हणजे फूल नव्हे, दगडाला चिकटून वाढणारा एक डाग. कधी राखाडी, कधी हळदीसारखा पिवळा. दगड खाऊन जगतो आहे की हवा पिऊन हे बघणाऱ्याला कळू नये असा. वर्षाला वाढतो तो एक मिलिमीटर, फार तर सव्वा. बाबांनी त्यातले चाळीस डाग निवडले होते आणि दर वर्षी ठरलेल्या एकाच आठवड्यात, मापकाच्या दोन दांड्यांत धरून, ते प्रत्येकाची रुंदी मोजत. भिंत त्याआधी तीन दिवस कोरडी असावी लागे, कारण ओला डाग फुगतो आणि खोटं बोलतो. हे वाक्य त्यांचंच. चाळिसांतल्या काहींना त्यांनी नावं दिली होती : टकल्या, नकाशा, ऐसपैस पसरलेली ती मावशी. आई त्या भिंतीला सवत म्हणायची. बाबा टेकडीवरून आले की विचारायची, काय म्हणते सवत? बाबा पायांतले बूट काढता काढता म्हणायचे, एक मिलिमीटर जाड झाली. त्यावर आईचं ठरलेलं : बघा, आणि मला मात्र आरशापुढून हलवता.

त्या आठवड्यात बाबा तिलाही न्यायचे. नऊ वर्षांची असल्यापासून तिचं काम वही धरणं आणि त्यांनी सांगितलेला आकडा, ते स्वतः वहीत लिहिण्याआधी, परत मोठ्याने म्हणणं. ते तिला असिस्टंट म्हणत आणि अहोजाहो करत. चला असिस्टंट, तुमची टोपी घ्या. असिस्टंट, तुम्ही दमलात का? घरी 'तू' असणाऱ्या मुलीला त्या टेकडीवर चार तास 'तुम्ही' व्हायला मिळे. नंतर तिला बऱ्याच माणसांनी 'तुम्ही' म्हटलं, पण त्यात इतका मान नव्हता.

ती बारा वर्षांची झाली त्या वर्षी आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं, मग जखम चिघळली, आणि आई अडीच महिने रुग्णालयात राहिली. बाबा सकाळी तिथे जात ते अंधार पडताना परत येत, आणि घरात शिरल्यावर एकदम बसत नसत. खुर्ची कुणाची तरी आहे अशासारखे थोडा वेळ तिच्याकडे बघत. तो ठरलेला आठवडा आला. भिंत कोरडी होती. बाबांनी सकाळी मापकाची पेटी, नवी वही आणि ताळ्यासाठी गेल्या वर्षीची वही टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ''असिस्टंट, ह्या वर्षी तुमच्यावर आहे.'' ती गेली. टाकीच्या मागच्या बाजूचे पहिले अकरा डाग तिने नीट मोजले. आकडा मोठ्याने म्हणून, मग लिहून. मग कोपरा वळून ती पुढच्या बाजूला आली. तिथून खाली काचेचा कारखाना दिसे. त्या वर्षी तिथे संप चालू होता, सात महिने भट्ट्या बंद होत्या, आणि चिमणीच्या तोंडाशी नेहमीचा काळा झुपका नसल्यामुळे ती चिमणी उगाच उंच आणि मूर्ख दिसत होती. ती टाकीच्या पायऱ्यांवर बसली. दमली नव्हती. आपण रागावलो आहोत हे तिला बसल्यावर कळलं. आई तिकडे नळ्या लावून पडली आहे आणि ह्यांना डागांची पडली आहे. हे वाक्य तिने तेव्हा मनात शब्दाशब्दाने म्हटलं होतं. चौतीस वर्षांनी त्यातला एकही शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. तिने आठव्या वर्षाची वही उघडली आणि तिथूनच, न उठता, उरलेल्या एकोणतीस डागांचे आकडे लिहायला सुरुवात केली. जुन्या आकड्यात एक मिळवायचा, एवढंच पुरलं असतं. पण पहिल्या दोन-तीन ओळींनंतर राग गेला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं, ज्याला ती आजही नाव देऊ शकली नसती. घरात त्या वर्षी काहीही धड होत नव्हतं. निदान भिंतीवर तरी व्हावं. तिने कुणाला तीन मिलिमीटर दिले, कुणाला चार. मावशीला पाच दिले. लग्नात आहेर द्यावेत तसे, हात आखडता न घेता.

संध्याकाळी रुग्णालयाच्या व्हरांड्यात, दिव्याखाली उभं राहून, बाबांनी ती वही वाचली. आधी नेहमीच्या वेगाने, मग सावकाश, मग पहिल्या ओळीपासून पुन्हा. कित्येक आठवड्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते तसेच आत गेले आणि आईच्या उशाशी वाकून म्हणाले, अगं, धूर थांबला ना, तर भिंतीनं श्वास घेतलाय. कारखान्याकडच्या बाजूचे सगळे वाढलेत, मागचे होते तसेच. तुझी सवत तरुण झाली. ऑपरेशननंतर आई पहिल्यांदा हसली ती तेव्हा. टाके दुखले म्हणून तिने पोटावर हात दाबून धरला आणि तशीच हसत राहिली. आणि दाराशी उभी असलेली मुलगी, जिने आयुष्यात त्याआधी एवढं मोठं काही कुणाला दिलं नव्हतं, तीही हसली. खोटं पकडलं जाईल ह्याची तिला भीती वाटली का? तिला आठवत नाही. बरं वाटल्याचं आठवतं.

पुढच्या वर्षी बाबा स्वतः गेले आणि त्यांना तेच एकोणतीस डाग आक्रसलेले सापडले. त्यांनी त्याचाही अर्थ लावला : भट्ट्या पुन्हा पेटल्या, धूर आला, कडा झडल्या. आपण मोजायला पाठवलेल्या माणसावर संशय घेण्याआधी निसर्गावर घ्यायचा, ही त्यांची कामाची रीत. त्यावर त्यांनी प्रबंध लिहिला. प्रयोगशाळा साहाय्यकाने डॉक्टरेटला बसायचं ही तेव्हा विभागात चहाच्या वेळची करमणूक होती. कुणीतरी त्यांना 'भावी डॉक्टर, जरा एवढ्या नळ्या धुता का' असं म्हटल्याचं ते घरी येऊन स्वतःच नक्कल करून सांगत. चौथं प्रकरण त्या नवव्या वर्षाचं होतं. टंकलिखित पानांमध्ये तेवढंच प्रकरण असं की ज्यात वाक्यं लांब होतात, विशेषणं येतात, माणूस खुर्चीतून थोडा पुढे झुकल्यासारखा वाटतो. मग प्रबंध राहिला. का राहिला, हे बाबांनी कधी सांगितलं नाही, आणि त्या रिकाम्या जागेत आईने आपलं आजारपण नेऊन बसवलं. माझ्यामुळे राहिलं त्यांचं. बोलता बोलता, कपडे वाळत घालताना, पाहुण्यांसमोर, आणि शेवटी बाबांना न्यायला आलेल्या माणसांसमोरसुद्धा : मी अडीच महिने पडून राहिले नसते तर आज ह्यांच्या नावामागे डॉक्टर असतं. बाबा असताना ते 'काहीतरीच तुझं' म्हणत. आता ते म्हणायलाही कुणी नव्हतं. ह्या क्रमांकाची कल्पनाही आईसाठीच सुरू झाली होती. विद्यापीठाने जुन्या कर्मचाऱ्यांचं अप्रकाशित संशोधन जतन करायचं ठरवल्याचं पत्रक तिने पाहिलं, आणि आईला सांगितलं की बाबांच्या कामाला जगात कुठेही सापडेल असा कायमचा क्रमांक मिळेल. आईने विचारलं, डॉक्टर लावतील का? नाही, म्हटल्यावर आई म्हणाली, नंबर तर नंबर, माझ्या माथ्यावरचं तेवढं तरी उतरेल.

निरोप आला त्या दिवशी ऑफिसातून परतल्यावर तिने बाबांचं टपालाचं पाकीट उपसलं. फोटो काढायचं साहित्य नव्हे म्हणून पहिल्यांदा ते बाजूला राहिलं होतं. त्यात परीक्षकाचं पत्र होतं, दोनच परिच्छेदांचं, सभ्य. काम अत्यंत चिकाटीचं आहे. मात्र नवव्या वर्षीची वाढ दगडफुलाच्या स्वभावाला धरून नाही, ती विश्वासार्ह वाटत नाही. त्या वर्षी मोजणी करणारी व्यक्ती तीच होती का, हे कृपया स्पष्ट करावं. त्याला टाचणीने लावलेली बाबांच्या उत्तराची कार्बन प्रत. तारीख, मायना, आणि एकच ओळ : मी माझा प्रबंध मागे घेत आहे. ती पलंगाच्या कडेवर बसून होती. खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी मागे घेण्याचा आवाज एकसारखा येत होता. उत्तर सोपं होतं. होय, मीच मोजलं, असं लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. नाही, माझ्या बारा वर्षांच्या मुलीने मोजलं, असं लिहिलं असतं तर एकोणतीस आकडे एका क्षणात तिच्या अंगावर आले असते. बाबांनी दोन्हींपैकी काहीच लिहिलं नाही. आणि घरी येऊन तिला विचारलंही नाही. ती तेव्हा चौदा वर्षांची असणार. त्या दिवशी त्यांनी काय केलं असेल? बूट काढले असतील. चहा घेतला असेल.

पण मग भिंत का सोडली नाही? पत्रानंतर ते आणखी वीस वर्षं मोजत राहिले. प्रबंध नाही, गाइड नाही, कुणी विचारणारं नाही. तिने आकड्यांची फाइल उघडली आणि ऑफिसात करते तशी ओळीवर बोट ठेवून खाली येत गेली. विसाव्या वर्षी काचेचा कारखाना कायमचा बंद झाला. चिमणी पाडली ते बघायला अख्खं शहर टेकडीवर गेलं होतं. धूर संपला. एकविसावं वर्ष : मावशी, एक मिलिमीटर. नकाशा, एक. टकल्या, पाऊण. बाविसावं तसंच. तेविसावं तसंच. भिंतीने कसलाही श्वास घेतला नाही. दगडफुलाला धूर गेल्याचं कळायला माणसापेक्षा फार वेळ लागत असावा, किंवा कळूनही ते घाई करत नसावं. म्हणजे त्या वर्षी, एकविसाव्या वर्षी, बाबांना कळलं असणार. आधी नसेल कळलं तर तेव्हा तरी. ती तेव्हा चोवीस वर्षांची, आकडे तपासायच्या नोकरीत एक वर्ष मुरलेली. त्या संध्याकाळी आईने काय म्हणते सवत विचारलं तेव्हा ते 'जैसे थे' म्हणाले, एवढं तिला आठवलं. आणि नंतर ती टेबलाशी काही वाचत बसली होती, तर ते तिच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. ती वर बघेपर्यंत उभे होते. मग म्हणाले, उजेड पुरेसा आहे ना? हो म्हटलं तिने. बरं, म्हणाले आणि गेले. ह्याला काही अर्थ होता की नव्हता, हे आता विचारायचं कुणाला? टेकडीवरची टाकीसुद्धा दोन वर्षांपूर्वी रस्त्यासाठी पाडली. भिंतीचा एकही दगड जागेवर नव्हता. होते ते फक्त आकडे, चाळीस गुणिले एकतीस, आणि त्यांतले एकोणतीस तिने पायरीवर बसून दिलेले.

शनिवारी ती ग्रंथालयात गेली. नोंदणीच्या बाई तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, केस घट्ट बांधलेल्या, टेबलावर पाण्याच्या तीन बाटल्या आणि तीनही अर्ध्या. त्या तिला बघून मनापासून खूश झाल्या. सरांचं काम फार मोलाचं आहे, असं त्यांनी सांगितलं. बाबांना आयुष्यात कुणी सर म्हटलं नव्हतं. विशेषतः ते चौथं प्रकरण. प्रदूषण थांबल्यावर काय होतं, ह्याच विषयावर हल्ली सगळे शोधत असतात, पहिल्याच महिन्यात पाच-पन्नास जण उतरवून घेतील, आधार म्हणून देतील. तिने विचारलं, हा क्रमांक मिळाला म्हणजे आतलं तपासलं गेलं असं होतं का? बाई हसल्या. ''नाही हो मॅडम. क्रमांक एवढंच सांगतो की हे इथे आहे आणि इथेच सापडेल. खरं-खोटं त्याला काय कळतंय.'' आणि पुढे कधी वाटलं की हे नकोच, तर? तर मजकूर काढता येतो, बाई म्हणाल्या, पण जागा जात नाही. क्रमांक टाकला की नाव आणि तारखा असलेलं एक कोरं पान उघडतं, आणि हे साहित्य मागे घेतलं आहे अशी ओळ. आम्ही आपसात त्याला थडगं म्हणतो. म्हटल्यावर त्यांनी जीभ चावली. तुमचं आत्ताच झालंय, माफ करा. असू दे, ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. फार नाही, अकरा खरे, एकोणतीस बसून लिहिलेले, वय बारा. ऑफिसात चूक सापडल्यावर सांगतात त्याच आवाजात. बाईंनी एका बाटलीचं झाकण लावलं आणि पुन्हा काढलं. त्या काही काळ संगणकाकडे बघत राहिल्या, जणू आधीच भरलेला अर्ज मागे सरकून बसेल. मग म्हणाल्या की नववं वर्षच गाळलं तर? पान हरवलं म्हणता येईल, जुन्या साहित्यात असं होतंच, कुणी विचारणार नाही. हे त्या चांगुलपणाने म्हणत होत्या, आणि ते करणं किती सोपं आहे हे तिला अगदी स्पष्ट दिसलं : एक फोटो कमी, चौथं प्रकरण कमी, एक शांत, कोरडं, कुणाला न खुपणारं काम. बाबांचं नाव स्वच्छ. आईच्या मनात होतं तेच पुढेही राहिलं असतं. पण मग बाबांची ती लांब वाक्यंही गेली असती. आपण फसलो आहोत हे ठाऊक नसलेला, पुढे झुकलेला तो माणूस गेला असता, आणि तो तिला इतर सगळ्या बाबांपेक्षा जास्त हवा होता. गाळायचं नाही, ती म्हणाली. प्रकरणातला शब्दही बदलायचा नाही. शेजारी टीप लावता येईल का, माझ्या नावाने? येईल, बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने : ''तुम्ही आधी घरी बोलून घ्या मॅडम. हे एकदा गेलं की मला परत आणता येणार नाही.''

रविवारी दुपारी ती आईची नखं कापायची. आईला आता वाकता येत नसे. परातीत कोमट पाणी, आईचे दोन्ही पाय त्यात, खाली जमिनीवर ती, गुडघ्यावर टॉवेल. हे काम करताना दोघींना एकमेकींचा चेहरा बघावा लागत नाही, म्हणून बरंचसं बोलणं ह्याच वेळी होई : शेजारणीच्या सुनेबद्दल, दात काढावा की ठेवावा ह्याबद्दल. आईचा अंगठा जाड झाला होता, नख पिवळं आणि कडक. तिने डावा पाय टॉवेलवर घेतला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. करंगळीपर्यंत येईतो तिने पायऱ्या सांगितल्या होत्या, वही सांगितली होती, मावशीचे पाच मिलिमीटर सांगितले होते. परीक्षकाचं पत्र सांगितलं तेव्हा आईने पाय काढून घेतला. परातीतलं पाणी तिच्या हातावर उडालं. ती मान वर न करता बसून राहिली. आई आता ओरडेल किंवा बाबांची बाजू घेईल, असं तिला वाटलं, आणि दोन्हीसाठी ती तयार होती.

''म्हणजे माझ्या दुखण्यानं नाही राहिलं ते,'' आई म्हणाली.

तिने वर पाहिलं. आई तिच्याकडे बघत नव्हती. समोरच्या भिंतीकडे, जिथे काहीही टांगलेलं नव्हतं, तिथे बघत होती, आणि तिचे ओठ किंचित हलत होते. कुणीतरी दिलेला निरोप विसरू नये म्हणून पुन्हा म्हणत असल्यासारखे. बत्तीस वर्षं. तिला तोपर्यंत वाटत होतं की ते आईचं नुसतं बोलणं आहे, बोलायची सवय, म्हाताऱ्या बायका म्हणतात तसं काहीतरी. ते वजन होतं हे तिला आईचे खांदे खाली आलेले बघितल्यावर कळलं.

''नाही,'' ती म्हणाली. ''माझ्यामुळे.''

''आणि मला इतकी वर्षं म्हणत राहू दिलंस.''

''पत्राचं मला आत्ता कळलं, आई. आकड्यांचं माहीत होतं.''

''तेच म्हणते मी.''

तिने परातीत बोट बुडवलं. पाणी गार होत आलं होतं. हसू आल्यासारखं आईच्या नाकातून हवा बाहेर पडली आणि ती म्हणाली, पाच दिलेस मावशीला? पाच. मेली, आई म्हणाली. मावशीला की मुलीला, कळलं नाही. मग तिने उजवा पाय पाण्यातून काढून मुलीच्या गुडघ्यावरच्या टॉवेलवर ठेवला. हा राहिलाय, म्हणाली. आणि कापता कापता वाच, काय लिहिलंयस ते.

एका हाताने कापणं आणि वाचणं जमत नव्हतं. तिने आधी नखं पुरी केली, पाय कोरडे केले, मग फोन घेतला आणि ऑफिसात वाचते तसं, आवाज न चढवता, न उतरवता वाचलं : नवव्या वर्षी डाग क्रमांक एक ते अकरा मी मोजले. बारा ते चाळीस मोजले नाहीत; ते आकडे मी मनाने लिहिले. संशोधकांना हे ठाऊक नव्हतं. चौथं प्रकरण त्यांनी त्या आकड्यांवर विश्वास ठेवून लिहिलं आहे आणि ते जसं आहे तसं ठेवलं आहे. इतर तीस वर्षांची मोजणी त्यांची स्वतःची आहे. त्या वर्षी घरात गंभीर आजारपण होतं. खाली तिचं नाव.

आईने त्यांचं नाव आधी आहे ना, असं विचारलं. आधी आहे, वर, मोठं, तिने सांगितलं. आईने मान हलवली. पाय खाली ठेवून बोटं एकदा ताणली, कापलेली नखं लागतात का ते बघितलं.

''ते शेवटचं काढून टाक,'' ती म्हणाली. ''आजारपणाचं. त्याचा काय संबंध?''